घडीची पोळी शिकताना या चुका टाळा

जोडीदाराला खूश करायचं म्हणून पोळी शिकायला घेतली की पहिली चूक कणीक भिजवण्याआधीच होते. लोक वाढदिवसाचा किंवा पाहुणे यायचा मुहूर्त धरतात. 20 पोळ्या लागणार, हाताला सवय नाही, तिसऱ्या पोळीला धीर सुटतो आणि लाटणं कायमचं खाली ठेवलं जातं. त्यापेक्षा कोणाला न सांगता रोज रात्रीच्या जेवणाच्या 4 पोळ्या करा. हात रोजच्या सवयीनेच बसतो, आणि कालच्यापेक्षा आजची बरी झाली की पुढची करायला हुरूप येतो.

कणीक घट्ट भिजवणं

2 वाट्या (साधारण 250 ग्रॅम) कणकेला पाव चमचा मीठ, 1 मोठा चमचा तेल आणि 160 ते 175 मिली पाणी लागतं. यात मध्यम आकाराच्या 8 पोळ्या होतात. कणीक हाताला चिकटू लागली की नवशिका घाबरून वरून पीठ टाकत जातो. मग पोळी लाटताना कडा चिरतात आणि भाजल्यावर ती कडक होते. चिकटू द्या. आधी पाऊण पाणी घालून गोळा करा, 10 मिनिटं झाकून ठेवा, मग उरलेलं पाणी हाताला लावत मळा. शेवटी तेल लावा. कोंडा पाणी हळूहळू पितो, त्यामुळे चिकटपणा आपोआप कमी होतो. तयार कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी.

यानंतर 30 मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवणं चुकवू नका. लगेच लाटलं तर पोळी आक्रसते आणि मग आपण जोर लावत बसतो. पीठ बदललं, गिरणी बदलली की पाण्याचं प्रमाणही बदलतं, म्हणून निदान पहिले काही आठवडे एकच पीठ वापरा.

गोल होत नाही म्हणून खंतावणं

आकार सगळ्यात शेवटी येतो आणि त्याने चवीला काही होत नाही. खरी चूक असते ती मध्यावर दाब देण्याची. मध्य पातळ आणि कडा जाड राहिल्या की कडा कच्च्या, मध्य करपलेला, आणि पोळी फुगत नाही ती नाहीच.

उंडा आधी पुरीएवढा लाटा. त्यावर अर्धा चमचा तेल पसरा आणि चिमूटभर पिठी भुरभुरा. ही पिठी नसेल तर पदर एकमेकांना चिकटून जातात आणि घडी घातल्याचा उपयोगच राहत नाही. अर्धी घडी, त्यावर तेलाचं बोट, पुन्हा पिठी, पुन्हा घडी. त्रिकोणाची टोकं आधी लाटून गोलाई आणा, मग लाटणं कडेकडेने फिरवा. पोळी मधूनमधून वळवत राहा. वरून पिठी मात्र बेतानेच लावा. जास्तीची पिठी तव्यावर जळते, कडवट लागते आणि पुढच्या पोळीला काळे ठिपके पडतात. दर दोन पोळ्यांनंतर तवा कोरड्या फडक्याने पुसा.

तवा थंड असणं

पोळी वातड होण्याचं मुख्य कारण हेच. करपेल या भीतीने गॅस बारीक ठेवला जातो, पोळी तव्यावर जास्त वेळ पडून राहते आणि तिच्यातलं पाणी उडून जातं. तवा मध्यम ते मोठ्या आचेवर नीट तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरत पळाला पाहिजे. पहिली बाजू बारीक फोड दिसेपर्यंतच ठेवा. दुसरी बाजू तांबूस ठिपके येईपर्यंत भाजा. पुन्हा उलटली की वाफ कोंडून पोळी फुगते. फुगत नसेल तर उलथन्याने फक्त कडा हलके दाबा. फुगलेल्या पोळीवर उलथनं दाबून भोक पाडलं तर वाफ निघून जाते.

तरीही फुगत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आज आच, उद्या पाणी. दोन्ही एकदम बदललं तर नेमकं कशाने सुधारलं ते कळतच नाही.

प्रत्येक पोळीला "कशी झाली?" विचारणं

समोरच्याला नाइलाजाने "छान" म्हणावं लागतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. "कडा कच्च्या लागतात का?" असं नेमकं विचारा, उपयोगाचं उत्तर मिळेल. घरात रोज पोळ्या जोडीदारच करत असेल तर सांगितलेलं ऐका, पण लाटणं हातातून देऊ नका. "राहू दे, मी करते" याला एकदा हो म्हटलं की शिकणं तिथेच संपतं.

पोळ्या करून ओटा तसाच सोडणं ही तर फार मोठी चूक. परातीला चिकटलेली कणीक वाळली की घासताना जीव जातो. उंडे करून झाले की लगेच परातीत पाणी घाला, पोळपाटाखालची पिठी पुसा. आयती पोळी मिळाली आणि मागचा पसारा मात्र आपल्यालाच काढावा लागला, तर कोणाला कौतुक वाटेल?

डबा भरायचा असेल तर गरम पोळ्या लगेच बंद करू नका. वाफेचं पाणी धरून खालच्या पोळ्या ओल्या होतात. सुती फडक्यावर वाफ जिरू द्या, तुपाचं बोट फिरवा आणि कोमट झाल्यावर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.