एव्हरग्लेड्सच्या खाड्यांत हिवाळ्यात गळ टाकताना

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, फ्लेमिंगोपासून व्हाइटवॉटर बेमार्गे टेन थाउजंड आयलंड्सपर्यंत, खारफुटीच्या बेटांमधून उथळ खाड्यांचे जाळे पसरले आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत येथे गळ टाकायचा असेल, तर ठरलेली जागा गाठण्याचा हट्ट सोडून आधी वारा आणि पाण्याचे तापमान पाहावे, कारण उन्हाळ्यात जेथे हमखास मासा लागतो तोच पट्टा थंडीची लाट आल्यावर चिखल उघडा पडून कोरडा झालेला असतो.

या लाटेला तेथे ‘फ्रंट’ म्हणतात. तो येण्याआधी वारा दक्षिणेकडून वाहतो, हवा उबदार असते आणि मासे अधाशासारखे खातात. म्हणून जमल्यास हाच दिवस साधावा. फ्रंट सरकला की वारा वायव्येकडून उत्तरेकडे वळतो आणि फ्लोरिडा बेमधले पाणी समुद्राकडे ढकलतो, त्यामुळे ओहोटी कोष्टकात छापलेली असते त्याहूनही खाली जाते. अशा वेळी मासे खोल चरांत, खाड्यांच्या वळणावरील डोहांत आणि नद्यांच्या वरच्या भागात जमतात. दुपारी ऊन पडले की काळ्या चिखलाचा तळ लवकर तापतो आणि तेच मासे वाऱ्याच्या आडोशाच्या उथळ पाण्यात येऊन थांबतात. सकाळी नऊऐवजी दुपारी एकला निघणे येथे आळशीपणाचे नव्हे, शहाणपणाचे ठरते.

थर्मामीटर सोबत असावाच. स्नूक हा येथील मानाचा मासा आपल्या जिताड्याचा दूरचा नातेवाईक असून त्याच्याप्रमाणेच कांदळवनात दबा धरून बसतो, पण थंडी त्याला अजिबात सोसत नाही: पाणी साधारण १४ अंश सेल्सियसपर्यंत उतरले की तो खाणे सोडतो आणि १२-१३ अंशांवर त्याचा तोल जाऊ लागतो. जानेवारी २०१० च्या थंडीत असंख्य स्नूक मेले होते. तेव्हा पाणी फार गार असेल, तर त्याचा नाद सोडून रेडफिश, ब्लॅक ड्रम किंवा सी-ट्राउट यांच्याकडे वळावे. हे तिघेही घोळीच्या कुळातले असून थंडी बऱ्यापैकी सोसतात.

गार पाण्यात मासा पाठलाग करत नाही, म्हणून आमिष त्याच्या तोंडापुढून अगदी सावकाश न्यावे. ४ ते ७ ग्रॅमच्या जिगवर (वजन जडवलेल्या गळावर) ताज्या कोळंबीचा तुकडा लावावा, तो तळाला टेकू द्यावा, हलकेच उचलावा आणि पुन्हा टेकू द्यावा. आपल्याला कंटाळा येईल इतका वेग कमी ठेवला, तरच तो बरोबर आहे असे समजावे. दहा पौंडी (म्हणजे तेवढा ताण पेलणारी) विणलेली दोरी आणि पुढे वीस ते तीस पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक दोरीचा तुकडा) पुरेसा होतो. जिवंत कोळंबी वापरायची असल्यास सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलाकार गळ) लावावा, म्हणजे तो बहुधा ओठातच अडकतो आणि मासा सोडणे सोपे जाते.

सोडावा तर लागतोच, कारण या भागात डिसेंबर ते फेब्रुवारी स्नूक ठेवण्यास बंदी असते. तो पाण्याबाहेर फार वेळ धरू नये. नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाचे ताजे नियम वाचावेत, खाऱ्या पाण्यातील मासेमारीचा परवाना घ्यावा आणि एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात मोटरबोट चालवण्यासाठी लागणारे प्रशिक्षण आधीच पूर्ण करावे. उथळ पट्ट्यांत मोटर उचलून बांबूसारख्या लांब काठीने बोट ढकलावी; पंख्याने उखडलेले समुद्री गवत भरून यायला वर्षे लागतात.

शेवटची काळजी परतीची आहे. उत्तरेचा वारा जोरात असेल, तर ओहोटी तळाला जाण्यापूर्वीच खोल वाट गाठावी, कारण एकदा बोट चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत ती हलत नाही आणि तेथे बहुतेक ठिकाणी मोबाइलही लागत नाही. म्हणून जाण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून ठेवावी, आणि दुपारचे ऊन कितीही गोड वाटले तरी बोटीत जाड जॅकेट व जादा पिण्याचे पाणी असू द्यावे.