समुपदेशकाला नात्यात ओढू नका: इंदूरकरांनो, या चुका टाळा

इंदुरात मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न, 'तुम्ही रामबागेतले का?' दोन मिनिटांत नातं निघतं. कुणाची जाऊ कुणाची मामेबहीण असतेच. पोह्या-जिलबीच्या दुकानात हे छान वाटतं. समुपदेशकाच्या खोलीत मात्र यानेच काम अडतं.

तिसऱ्या भेटीत 'मॅडम'ची 'ताई' होते, चौथ्या भेटीत पिशवीतून डबा निघतो. एक काकू (तपशील बदललेत) दर वेळी चिरोटे आणायच्या. 'खाल्लेस का, खुसखुशीत झाले होते ना' यातच पंधरा मिनिटं जायची आणि सुनेवरचा राग घशातच राहायचा. मी एकदा विचारलं, 'काकू, आज डबा आणला नसता तर?' बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, 'रिकाम्या हाताने गेलं की माणसं तोंड फिरवतात गं.' सासरी शिकलेली भीती त्या माझ्यासमोर घेऊन बसल्या होत्या. जुन्या नात्यातल्या भावना अशा समोरच्या माणसावर येतात, त्याला फ्रॉइडने ट्रान्सफरन्स म्हटलं. तो येणारच, त्याबद्दल बोललं तर उपयोगी पडतो. 'ताई' खुशाल म्हणा, पण ताईला वाईट वाटेल म्हणून काही गिळू नका.

खऱ्याच नात्यातल्या किंवा शेजारच्या समुपदेशकाकडे तर जाऊच नका. मी ओळखीच्यांना दुसरीकडे पाठवते. लोक रुसतात, रुसू देत.

दुसरी चूक न सांगता गायब होण्याची. माझं एखादं वाक्य लागतं आणि पुढच्या गुरुवारी मेसेज येतो, 'पाहुणे आलेत.' पाहुणे महिनाभर हलत नाहीत! एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा यांच्यातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. यातलं काय बिनसलंय ते बघा आणि येऊन सांगा, 'मागच्या वेळचं तुमचं बोलणं मला लागलं.' चांगला समुपदेशक हे ऐकून घेतो. तो उलट चिडला, स्वतःची रडगाणी सांगू लागला किंवा उसने पैसे मागू लागला, तर मात्र खुशाल बदला.

'ती आत काय बोलते, जरा सांगा ना', असा फोन घरच्यांनी करू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कुणाच्या जिवाला धोका असणं, असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आणि हो, रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या गाडीपाशी मी दिसले आणि ओळख दाखवली नाही, तर तो शिष्टपणा समजू नका. तुमच्यासोबत कोण आहे, त्यांना काय माहीत आहे, मला ठाऊक नसतं. तुम्ही आधी हसलात तर मीही हसेन.