पुरणयंत्रातून काढलेलं बटाट्याचं सूप

बटाट्याच्या सुपाला दाटपणा यावा म्हणून कॉर्नफ्लोअर लावायची काही गरज नसते, क्रीमचीही नसते. तो दाटपणा बटाट्यात असतोच. आपण योग्य बटाटा घ्यायचा, सावकाश शिजवायचा आणि मिक्सरला हात न लावता पुरणयंत्रातून काढायचा. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसलेल्या माणसाला, दाढ काढून आलेल्याला, परीक्षेसाठी रात्री जागणाऱ्या मुलांना मी हेच सूप देत आलेय. चौघांचं माप पुढे देते. आधी बटाट्याबद्दल बोलते, कारण अर्धं काम बाजारातच होतं.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. पेठ, कुरवंडी या भागात पावसाच्या भरवशावर खरिपाचा बटाटा होतो. बियाणं पंजाबातून मंचरच्या बाजारात येतं, पावसाचा अंदाज घेऊन लागवड होते आणि नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास काढणी सुरू होते. तिकडे कुणीही बटाटा हातात घेऊन नुसता ‘चांगला’ म्हणत नाही. पिठूळ आहे की चिकट, हे आधी बघतात. सुपासाठीही तेच बघायचं.

पिठूळ बटाटा शिजला की फुटतो, त्याचे कण सुटे होतात, पाण्यात सहज मिसळतात. चिकट बटाटा शिजल्यावरही तुकडा धरून राहतो. रश्श्याला आणि काचऱ्यांना तो उत्तम, सुपाला नाही. कुफरी ज्योती ही शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची १९६८ सालची जात सुपाला चांगली. कुफरी पुखराज पिवळसर आणि पाणीदार, त्याचं सूप पातळ राहतं. चिपसोना नावाप्रमाणे वेफर्ससाठी काढलेली, तिच्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त. ती मिळाली तर सोडू नका.

भाजीवाल्याकडे जातीची पाटी नसते, हे खरंच. पुण्यात इंदूर, आग्रा, तळेगाव अशा गावांच्या नावांनी बटाटा विकला जातो, त्यावरून जात कळत नाही. मग घरीच परीक्षा करायची. साडेपाच वाट्या पाण्यात अर्धी वाटी मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात बटाटे सोडा. बुडतात ते पिठूळ, तरंगतात ते चिकट. तरंगणारे भाजीला ठेवायचे. हे पाणी टाकून द्यायचं आणि बटाटे धुऊन घ्यायचे. शिवाय साल अंगठ्याने घासली की निघते असा नवा, कोवळा बटाटा सुपाला घेऊ नका. साल घट्ट झालेला जुना बटाटा घ्या.

शीतगृहातून आलेला बटाटा कधीकधी गोड लागतो. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणूनच घरच्या फ्रिजमध्येही बटाटा ठेवू नये. गोड निघाला तर दोन-तीन आठवडे टोपलीत, अंधाऱ्या आणि वारा लागेल अशा जागी राहू द्या, बराचसा गोडवा जातो. कांद्याच्या टोपलीपासून मात्र लांब. आणि हिरवट झालेला बटाटा आजारी माणसाच्या सुपात अजिबात नको. हिरवेपणा दिसतो तिथे सोलानिन नावाचं विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं आणि ते उकळून जात नाही. थोडासा डाग असेल तर खोलवर कापून काढा, बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर सरळ फेकून द्या.

आता माप. अर्धा किलो बटाटे, दोन मध्यम कांदे, दोन मोठे चमचे लोणी, एक तमालपत्र, सात-आठ मिरे, ८०० मिली पाणी, २०० मिली दूध, मीठ, चिमूटभर जायफळ. वरच्या फोडणीला एक मोठा चमचा तूप आणि चार-पाच लसूण पाकळ्या. कांदा शक्यतो पांढरा घ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात, तो तिखट कमी आणि गोडसर असतो, सुपाला त्याच्यासारखा कांदा नाही. लाल कांद्यानेही चव येते, पण सुपाचा रंग जरा मळकट दिसतो. लोणी घरचं असेल तर फारच छान. विकतचं खारं बटर वापरलंत तर मीठ त्या बेताने घाला.

पाण्याऐवजी भाजीचं पाणी वापरलं तर सूप भरीव लागतं. त्यासाठी वेगळा खर्च नको. कोथिंबिरीच्या काड्या, कोबीचा दांडा, एखादं गाजर, फरसबीची टोकं असं दिवसभरात जे निघतं ते लिटरभर पाण्यात वीस मिनिटं मंद उकळून गाळायचं. बीट घालू नका, रंग जातो. फ्लॉवरचे दांडेही नकोत, उग्र वास येतो. काही नसेल तर साधं पाणी चालतं. बटाटा चांगला असला की तेवढ्यानेही भागतं.

जाड बुडाचं पातेलं मंद आचेवर ठेवा. लोणी वितळून फेस आला की बारीक चिरलेला कांदा, तमालपत्र आणि चिमूटभर मीठ घाला. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही. झाकण ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी झाकण काढून ढवळा आणि आवाज ऐका. सुरुवातीला कांदा बारीक चुरचुरतो, मग पाणी सुटल्यावर आवाज खाली बसतो आणि पातेल्यात हलकी फसफस उरते. दहा-बारा मिनिटांनी कांदा काचेसारखा पारदर्शक होतो, चमच्याने दाबला की पसरतो आणि कच्चा वास जाऊन गोडसर वास येतो. तिथे थांबायचं. गुलाबी, सोनेरी काही नको; तांबूस कांद्याची चव बटाट्याच्या नाजूक चवीवर बसते. घाईच्या दिवशी बाकी काहीही आटोपतं घ्या, ही दहा मिनिटं कापू नका.

कांदा होईपर्यंत बटाटे सोलून पेरभर जाडीच्या चकत्या करा, सगळ्या सारख्या, म्हणजे एकदमच शिजतील. चिरून पाण्यात बुडवून ठेवायची आपली सवय असते, ती या वेळी सोडा. पाण्यात स्टार्च उतरतो आणि तो आपल्याला सुपात हवाय. कांद्यात चकत्या घालून दोन मिनिटं परता, मग पाणी, मिरे आणि एक लहान चमचा मीठ. पाणी गारच घाला. गार पाण्यापासून तापत गेलं की चकती आत-बाहेर सारखी शिजते. उकळी आल्यावर आच कमी करून झाकण थोडं उघडं ठेवा. टोमॅटो, लिंबू, आमचूर असलं आंबट काही या टप्प्यावर घालू नका. आंबटाने बटाटा मऊ व्हायला फार वेळ लागतो.

कुकरचं काय, असं मला नेहमी विचारतात. दोन शिट्ट्यांत बटाटा शिजतो, हरकत नाही. पण उघड्या पातेल्यात मधूनच बघता येतं आणि पाणी आटतंय किती तेही कळतं. मी पातेल्यातच करते. वीस मिनिटांत चकती पातेल्याच्या कडेला चमच्याने दाबली की कड न धरता विस्कटते. आणखी दोन-तीन मिनिटं राहू द्या. सुपाच्या बटाट्याला जरा जास्त शिजणं मानवतं, कमी शिजणं अजिबात नाही.

आता पुरणयंत्र. होळीनंतर माळ्यावर गेलेलं असेल तर खाली काढा. मिक्सरचं पातं बटाट्याच्या पेशी फाडतं, आतला फुगलेला स्टार्च एकदम बाहेर येतो आणि सुपाची खळ होते: तार धरणारी, टाळूला चिकटणारी. पुरणयंत्रात बटाटा नुसता दाबला जातो, बहुतेक पेशी शाबूत राहतात आणि गर मऊ, सुटा उतरतो.

बारीक भोकांची जाळी लावा. पातेल्यातलं पाणी गाळून बाजूला ठेवा, फेकायचं नाही. तमालपत्र आणि सापडतील तेवढे मिरे काढा. बटाटा-कांदा गरम असतानाच थोडा थोडा यंत्रात घाला; गार झालेला बटाटा घट्ट होतो आणि दांडा ओढावा लागतो. चार-पाच वळसे पुढे फिरवले की एक वळसा उलटा द्या, म्हणजे पात्याखाली दबून बसलेला गर वर येतो. कोरडं वाटलं तर बाजूचं पाणी पळीभर सोडा. शेवटी जाळीवर कांद्याचे धागे आणि मिऱ्यांची सालं राहतात, ती टाकून द्या. जाळीच्या खालच्या अंगाला मात्र बराच गर लोंबत असतो, तो चमच्याने खरवडून घ्या, सगळ्यांत मऊ तोच असतो.

यंत्र नसेल तर पुरणाची चाळण आणि वाटीची पाठ. तीही नसेल तर पातेल्यातच रवीने घुसळा. रवीचं सूप थोडं कणीदार राहतं, आणि खरं सांगायचं तर गारठ्याच्या रात्री मला ते कणीदारच जास्त आवडतं.

गर परत पातेल्यात घ्या, बाजूचं पाणी हळूहळू मिसळत हवं तेवढं सैल करा. पळी बुडवून काढली की पाठीवर पातळ थर राहावा. मंद आचेवर ठेवून दूध वेगळं गरम करून घाला आणि त्यानंतर खळखळून उकळू देऊ नका. मीठ चाखा. बटाटा मीठ ओढतो, त्यामुळे थोडं लागतंच. मिरपूड ताजी कुटलेली. जायफळ किसणीवर दोनदा ओढलं की पुरे. पुरणाला चालतं तसं बटाटा आणि दुधालाही ते छान लागतं, पण जास्त झालं तर औषधी वास येतो.

फोडणी वाढताना. कढल्यात तूप तापवून पातळ कापलेला लसूण घाला आणि फिका सोनेरी होताच खाली उतरवा, तुपाच्या उष्णतेत तो पुढे आपोआप होतो. वाडग्यातल्या सुपावर चमचाभर ओता. थंडीत लसणाची पात मिळते, ती चिरून वर घातली तर आणखी काही नको. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी मी देत नाही, कारण तिने चव बटाट्याच्या पातळ भाजीकडे जाते. लिंबू ज्याचं त्याने वाडग्यात पिळावं, पातेल्यात नको, दूध फाटतं.

सोबत ब्रेडपेक्षा शिळी भाकरी घ्या, बाजरीची असो की ज्वारीची. हाताने तुकडे करून तव्यावर थोड्या तुपात, मंद आचेवर खरपूस होईपर्यंत परता. सूप मऊ असतं, त्याच्या जोडीला हा कुरकुरीतपणा हवा. दाढ काढलेल्या माणसाला अर्थातच नुसतं सूप, तेही कोमट आणि मिरपूड न घालता.

उपासाला कांदा-लसूण वगळून करायचं. तुपात पाऊण चमचा जिरं आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची, त्यावर बटाटा आणि पाणी, मीठ सैंधव. यंत्रातून काढल्यावर दोन चमचे दाण्याचं बारीक कूट घालून एक उकळी द्या. दुधाऐवजी गॅस बंद करून अर्धी वाटी गोड ताक मिसळा. एकादशीला साबुदाणा नको वाटणाऱ्यांना हे पोटाला हलकं पडतं.

एक गोष्ट काळजीने सांगते. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर हे सूप विचारल्याशिवाय देऊ नका. बटाट्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते शिजताना पाण्यात उतरतं आणि इथे आपण ते पाणीच सुपात घेतो. मधुमेह असेल तर वाडगा लहान ठेवा आणि त्या जेवणातली भाकरी-भात तेवढा कमी करा.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, दोन दिवसांत संपवा. गार झाल्यावर ते थिजल्यासारखं घट्ट होतं, बिघडलेलं नसतं. मंद आचेवर गरम पाणी किंवा दूध घालत ढवळलं की पुन्हा सैल होतं. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर दूध घालण्याआधीचा गर ठेवा. आणि अगदीच वाटीभर उरलं असेल तर थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा: वाटीभर सुपाला साधारण दोन वाट्या भाजणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट आणि बेताने मीठ. लागेल तसा पाण्याचा हात लावून मळा. थालीपीठ मऊ होतं, थापताना कडेला चिरत नाही, आणि डब्यात नेलं तरी दुपारपर्यंत वातड होत नाही.