परसात पक्षी फिरकत नाहीत? या चुका टाळा

रोपवाटिकेतून लाल-केशरी फुलांची झुडपं आणली, हौसेने लावली, फुलंही आली. पण शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी, काही येत नाही. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत ही तक्रार सारखी कानावर येते. दोष झुडपाचा क्वचितच असतो. परसदार अंगणासारखं लख्ख ठेवायची आपली सवयच पक्ष्यांना परत धाडते.

सतत चालणारी कात्री

पेटकुळी, म्हणजे एक्झोरा, कोकणात न मागता वाढते. तिचा फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो. दर पंधरवड्याला शेंडे उडवून झुडूप गोल किंवा चौकोनी राखलं, तर हिरवी भिंत मिळेल, पण फुलं मिळणार नाहीत. बहर ओसरला की वर्षातून एकदा छाटणी करा, ती पुरते. मधल्या काळात फार तर वाळक्या काड्या काढा.

छाटण्याआधी झुडपाच्या आत नीट डोकावून बघा. बुलबुल छातीएवढ्या उंचीवरही वाटीसारखं घरटं बांधतो आणि शिंपी पक्षी पानं शिवून त्यात अंडी घालतो. बाहेरून काहीच कळत नाही. घरटं दिसलं तर महिनाभर कात्री बाजूला ठेवा. बुलबुलाची पिल्लं साधारण तेवढ्यात उडून जातात.

भिंतीलगतची पिवळी पानं

नवं कुंपण बांधून झालं की लगेच त्याला खेटून पेटकुळीची रांग लागते. वर्षभरात पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. मग लोक शेणखत आणि युरिया वाढवत नेतात. खरं कारण भिंतीत असतं. सिमेंटमधला चुना पावसाबरोबर मातीत उतरतो. पेटकुळीला हवी आम्लधर्मी माती, जी आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत आयतीच मिळते. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) फवारल्याने तात्पुरता फरक पडेल, पण खरा उपाय म्हणजे रोप भिंतीपासून दोन-तीन फूट आत घेणं आणि खड्ड्यात तांबडी माती व कुजलेला पालापाचोळा भरणं. जांभ्याच्या दगडाचा, चुना-सिमेंट न वापरता रचलेला गडगा असेल तर हा त्रास होत नाही.

समुद्राच्या तोंडावर घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. त्या बाजूला करवंदाची जाळी वाढू द्या आणि नाजूक झुडपं तिच्या आडोशाला लावा.

फूल मोठं, मध हाती लागेना

गेंद जास्वंद दिसते सुंदर, पण पाकळ्यांच्या दाटीत मध सहज हाती लागत नाही. देवाला वाहतो ती साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद लावा. शिंजीर तिच्या बुडाशी बाजूने भोक पाडूनही मध पितो. धायटी आणि मुरुडशेंग ही आपल्या डोंगरातली झुडपं परसात कुणी लावत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. धायटी उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलते, मुरुडशेंग पावसात. मुरुडशेंगेचं ताजं फूल लाल असतं आणि जुनं झालं की निळसर करडं पडतं. बुलबुलांसाठी कढीपत्ता आणि कुंतीची फळं पिकू द्या.

टणटणी, म्हणजे घाणेरी, मात्र मुद्दाम लावू नका. तिची फळं पक्षी आवडीने खातात, हे खरं. पण त्यांच्या विष्ठेतून बी रानभर पसरतं, स्थानिक झुडपं दबतात, आणि तिचा पाला गुरांना विषारी आहे.

औषध मारायची घाई

जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण दिसले की आंतरप्रवाही कीटकनाशक आणलं जातं. ते झाडाच्या रसात भिनतं आणि फुलातल्या मधातही उतरतं. शिवाय शिंजीर पिल्लांना मुख्यतः किडे आणि कोळी भरवतो आणि लोंबतं घरटं बांधायला कोळ्याचीच जाळी वापरतो. किडे संपवले तर पिल्लांचं पोट कशाने भरणार? फार किडलेले शेंडे कापून टाका, बाकी झाड पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. तरी ढेकूण उरले तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. मुंगळ्यांची वाट बुंध्यापाशीच अडवा; ढेकणांच्या गोड स्रावासाठी ते त्यांना राखतात.

पातेरा, म्हणजे गळलेला पाला, जाळणंही याच घाईतलं. दयाळ आणि कस्तूर पानं उलटून त्याखालचे किडे टिपतात, आणि पावसाच्या तोंडावर येणारा नवरंगही जमिनीवरच चरतो. घराला लागून चार पावलं साफ ठेवा, झुडपांखालचा पाला तसाच राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये उथळ मातीच्या परळात पाणी ठेवा, दोन बोटांपेक्षा खोल नको. ते रोज बदला, नाहीतर डास होतात. परळ झुडपाला अगदी चिकटवूनही ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. सहा-सात फुटांवर मोकळ्यात ठेवलं, तर पक्ष्याला मांजर दिसेल आणि उडून झुडपात शिरताही येईल.