पॉइंटरची बेरीज करताय? या चुका टाळा

कोपरखैरण्याला मी सी या प्रोग्रामिंग भाषेचे क्लास घेतो. बायनरी सर्चचं (क्रमाने लावलेली यादी निम्मी-निम्मी करत शोधण्याचं) प्रॅक्टिकल आलं की निम्म्या स्क्रीनवर एकच लाल ओळ झळकते: ‘इनव्हॅलिड ऑपरंड्स टू बायनरी प्लस’. मधला घटक काढायला मुलांनी (लो + हाय) / २ लिहिलेलं असतं. लो, हाय ही यादीची दोन टोकं. ते इंडेक्स, म्हणजे नुसते क्रमांक, असते तर चाललं असतं. इथे ते पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, आहेत, आणि दोन पत्त्यांची बेरीज सीमध्ये होत नाही.

ऐरोली अधिक वाशी म्हणजे कुठलं स्टेशन? काहीच नाही. पण वाशी उणे ऐरोली म्हणजे ६ स्टेशनं, हे रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारा कुणीही सांगेल. त्याचे निम्मे ३. ऐरोलीपासून ३ स्टेशनं पुढे मोजा, कोपरखैरणे येतं. म्हणून लिहायचं लो + (हाय - लो) / २. वजाबाकीतून आकडा निघतो, आणि पत्त्यात आकडा मिळवायला कंपायलरची हरकत नसते. जीसीसी हा कंपायलर एररच्या त्याच ओळीत, कंसात, दोन्ही बाजूंचे टाइप सांगतो: इंट स्टार आणि इंट स्टार, म्हणजे दोन्ही इंटचे (पूर्णांकाचे) पॉइंटर. मुलं नेमका तो कंस सोडून बाकी सगळं वाचतात!

वजाबाकीतही दोन्ही टाइप सारखे लागतात. इंटच्या पॉइंटरमधून कॅरचा (अक्षराचा) वजा केलात की पुन्हा तीच बोंब.

‘एलव्हॅल्यू रिक्वायर्ड अ‍ॅज इन्क्रिमेंट ऑपरंड’ ही एरर आली तर बहुधा तुम्ही अ‍ॅरेच्या (ओळीने ठेवलेल्या घटकांच्या) नावालाच ++, म्हणजे ‘एकने पुढे सरक’, लावलंय. अ‍ॅरे जागचा हलत नाही. वेगळा पॉइंटर घ्या आणि तो सरकवा. यावर हमखास येणारा प्रश्न: “सर, काल तर चाललं होतं!” काल तो अ‍ॅरे फंक्शनचा पॅरामीटर होता. तिथे तो पॉइंटरच असतो, म्हणून चाललं.

खरा ताप एरर न येणाऱ्या चुकांचा. व्हॉइड (टाइप न ठरलेल्या) पॉइंटरमध्ये १ मिळवला तर जीसीसी मुकाट्याने १ बाइट पुढे जातो. सीच्या स्टँडर्डला हे मंजूर नाही, पण कंपाइल करताना ‘-पेडँटिक’सारखा पर्याय लावल्याशिवाय तो तसं सांगत नाही. दुसरी चूक, इंट ४ बाइटचा म्हणून पुढच्या घटकासाठी पी + ४ लिहिणं (पी हा इंटचा पॉइंटर). त्याने तुम्ही ४ घटक, म्हणजे १६ बाइट पुढे जाता. शंका असेल तर पी आणि पी + १ यांचे पत्ते छापून बघा. ते सहसा हेक्साडेसिमलमध्ये (१६ च्या पायावर) येतात, तेव्हा शेवटी ८ नंतर एकदम सी, म्हणजे १२, दिसला तरी दचकू नका. फरक ४ चाच आहे.