‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं की आधी बघा, मागतंय कोण

2022 ची गोष्ट आहे. शेवटच्या वर्षाला होतो, कर्वेनगरला आम्ही चौघं एका रूमवर राहायचो आणि प्रोजेक्ट होता मार्कशीट खरी की खोटी ते इथेरियम या ब्लॉकचेनच्या टेस्ट नेटवर्कवर (सरावाचं, खरे पैसे न लागणारं) तपासायचा. टेन्शन होतं ते सॉलिडिटीचं, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम (कॉन्ट्रॅक्ट) लिहायच्या भाषेचं, पण कॉन्ट्रॅक्ट आठवड्यात झाला. मग तयार सांगाडा देणाऱ्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारी पानं) काढलं, इथेरियमशी बोलणारी वेबथ्री जेएस लायब्ररी टाकली, इम्पोर्टची एक ओळ लिहिली, पॅकेजं आणणाऱ्या एनपीएमची स्टार्ट कमांड मारली आणि टर्मिनल लालेलाल. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’, म्हणजे कोडचा हवा तो तयार तुकडा मिळेना: क्रिप्टो सापडत नाही, स्ट्रीम सापडत नाही, एचटीटीपी, ओएस, यूआरएल, असर्ट, एकामागून एक. आणि यातलं एकही नाव मी माझ्या कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं.

मी तेच केलं जे नवीन असताना सगळे करतात. एररमध्ये जे नाव दिसलं ते एनपीएम इन्स्टॉल. क्रिप्टो नावाचं पॅकेज आलं सुद्धा, सोबत पिवळी वॉर्निंग की हे पॅकेज आता बंद आहे, हे नोडमध्येच (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) असतं. ती वॉर्निंग मी वाचली नाही आणि दोन रात्री गेल्या.

तिसऱ्या दिवशी रूममेटची ताई आली होती, ती हिंजवडीला फ्रंटएंडचं काम करते. अमृततुल्यवर चहा घेताना लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिने पहिला प्रश्न विचारला, "अरे पण क्रिप्टो मागतंय कोण?" मला प्रश्नच कळला नाही. मग तिने एररच्या त्याच ओळीत ‘इन’ नंतरचा पाथ दाखवला. क्रिप्टो मागत होतं ईटीएच-लिब, एचटीटीपी मागत होतं एक्सएचआर-टू-कुकीज, आणि या दोघांना आणलं होतं वेबथ्रीने. एनपीएम एलएस लिहून पुढे पॅकेजचं नाव टाकलं की कोण कोणामुळे आलं ती सगळी वंशावळच दिसते. हे मला आधी माहीत असतं तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतोय.

कारण साधं आहे. क्रिप्टो, स्ट्रीम वगैरे मॉड्यूल्स नोडची, ब्राउझरमध्ये ती नसतातच. वेबपॅक, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधून ब्राउझरला देणारं टूल, 4 व्या व्हर्जनपर्यंत त्यांच्या जागी ब्राउझरला चालणारे पर्याय स्वतःच गुपचूप घालायचं. ऑक्टोबर 2020 मध्ये वेबपॅक 5 आलं आणि हे पर्याय घालणं बंद झालं, डिसेंबर 2021 च्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप 5 मध्ये हेच वेबपॅक आलं. मी बघत होतो तो व्हिडिओ त्याच्या आधीचा, म्हणून त्यात सगळं चालायचं आणि माझ्याकडे नाही. ट्यूटोरियलची तारीख बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

उपाय असा: रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप-रीवायर्ड हे वेबपॅकची सेटिंग्ज बदलू देणारं पॅकेज टाकायचं, प्रोजेक्टच्या मुळात कॉन्फिग-ओव्हरराइड्स नावाची जेएस फाइल करायची आणि रिझॉल्व्ह फॉलबॅकमध्ये, म्हणजे न सापडणाऱ्या मॉड्यूलऐवजी काय घ्यायचं त्या यादीत, जोड्या लावायच्या. क्रिप्टोला क्रिप्टो-ब्राउझरिफाय, स्ट्रीमला स्ट्रीम-ब्राउझरिफाय, असं. बफर, असर्ट, यूआरएल लिहिताना नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्या, नाहीतर नोड स्वतःचंच आतलं मॉड्यूल पुढे करतं आणि तुम्ही तिथेच राहता. मग पॅकेज जेसनमध्ये स्टार्ट, बिल्ड, टेस्ट यांच्यात रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्सच्या जागी रीवायर्डचं नाव लिहा, इजेक्टच्या ओळीला हात लावू नका.

एवढं करून बिल्ड हिरवा झाला पण ब्राउझरमध्ये पान पांढरं, कन्सोलवर ‘बफर इज नॉट डिफाइन्ड’. त्याला अशी नावं कोडला आपोआप पुरवणारं वेबपॅकचं प्रोव्हाइड प्लगइन लागतं, बफर आणि प्रोसेस दोन्हीसाठी, आणि प्रोसेसचा पाथ ब्राउझर डॉट जेएस असा पूर्ण लिहा.

काही जण फॉलबॅकमध्ये सरसकट सगळ्याला फॉल्स, म्हणजे ‘रिकामं ठेव’, लिहून टाकतात आणि एरर गेली म्हणून खूश होतात. एफएसला फॉल्स ठीक आहे, ब्राउझरमध्ये फाइल सिस्टिम आणणार कुठून. पण क्रिप्टोला फॉल्स केलं आणि लायब्ररीने ते खरंच वापरलं तर बिल्ड होतो आणि बटण दाबल्यावर मोडतं. म्हणून बिल्ड झाल्यावर टेस्ट नेटवर्कवर मेटामास्क या वॉलेटने एक व्यवहार सही करून पाठवून बघा, तोपर्यंत झालं म्हणू नका. नेक्स्ट जेएस या फ्रेमवर्कमध्ये वॉलेट जोडून देणारं वॉलेटकनेक्ट टाकताना पिनो-प्रिटी, लोकीजेएस आणि एन्कोडिंग सापडत नाही म्हणून ओरड येते. ब्राउझरमध्ये त्यांचं काही काम नाही, ती तिन्ही एक्स्टर्नल्समध्ये (बिल्डमध्ये घ्यायचं नाही त्यांची यादी) ढकलली तरी चालतं.

आणि एक कळकळीने सांगतो, हे वॉलेटचं काम आहे, लोकांचे पैसे आहेत. डिसेंबर 2024 मध्ये सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या वेबथ्री जेएस पॅकेजच्या 1.95.6 आणि 1.95.7 या व्हर्जनमध्ये प्रायव्हेट की (वॉलेटची गुप्त चावी) चोरणारा कोड घुसवला होता. चांगल्या नावाजलेल्या पॅकेजचं हे होऊ शकतं तर एररमधलं नाव बघून कुठलंतरी पॅकेज टाकणं किती धोक्याचं ते बघा. लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल, गिटमध्ये ठेवा.

आज सुरुवात करत असाल तर माझा रस्ता घेऊ नका. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप फेब्रुवारी 2025 मध्ये बंद जाहीर झालं, वेबथ्री जेएसचंही काम मार्च 2025 मध्ये थांबलं. वीट (Vite) हे बिल्ड टूल घ्या आणि सोबत इथेरियमसाठी व्हिएम किंवा ईथर्स 6 ही लायब्ररी, यांना सहसा हे पॉलिफिल, म्हणजे नोडच्या मॉड्यूल्सचे ब्राउझरमधले पर्याय, लागतच नाहीत. जुनी लायब्ररी असेलच तर वीटमध्ये ‘एक्स्टर्नलाइज्ड फॉर ब्राउझर’ अशी वॉर्निंग दिसेल, आजार तोच, तिथे नोड-पॉलिफिल्सचं प्लगइन आहे.

राहिला एक प्रकार, ज्यात लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर मॉड्यूल सापडत नाही. तिथे एररमधला पाथ नोड मॉड्यूल्सचा नसून तुमच्याच फोल्डरचा असतो. विंडोजला नॅवबार या फाइलच्या नावातला पहिला एन मोठा की लहान याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. फाइलचं नाव गिट एमव्ही या कमांडनेच बदला, नुसतं एक्सप्लोररमधून बदललं तर गिटच्या कधीकधी लक्षातच येत नाही आणि तुम्ही पुश करत बसता.