गोव्यात पर्यावरण अहवाल तपासायला बसताना

शाश्वत विकासाची तत्त्वे अभ्यासक्रमात पाठ होतात. राष्ट्रीय हरित लवाद (पर्यावरणाचे खटले चालवणारे न्यायाधिकरण) कायद्याच्या कलम २० मध्येही ती आहेत. अडते ते एखाद्या सर्व्हे नंबरला ती लावताना.

प्रकल्पाच्या मंजुरीआधीचा पर्यावरण परिणाम अहवाल हातात आला की आधी मोजणीचे महिने बघा. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच हंगामाची माहिती चालते, आणि गोव्याचा जवळजवळ सगळा पाऊस, सुमारे ३,००० मिमी, जून ते सप्टेंबरात पडून जातो. एप्रिलच्या फोटोत जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, ‘पडीक’ दिसणारच. जुलैत त्याच कातळावर कीटकभक्षी वनस्पती फुललेल्या असतात आणि तिथे मुरलेले पाणी पायथ्याच्या झरींना पोचते. विहिरींची पातळी पावसाळा संपताच आणि मेअखेर, अशी दोनदा मोजून मागा. मोजलेच नाही म्हणून परिणामही नाही, असे अहवाल सुचवतो तिथेच सावधगिरीचे तत्त्व लावायचे: पुरावा अपुरा असला तरी हानी आधीच टाळायची.

फॉर्म १ मध्ये, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या अर्जात, १५ किमी हवाई अंतरातली संवेदनशील ठिकाणे द्यावी लागतात. अंतर प्रकल्पाच्या हद्दीपासून धरा, राज्याची सीमा ओलांडूनही. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये रोखली, त्यात दडवलेली माहिती हा कळीचा मुद्दा होता. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली.

सगळ्यात जास्त वेळ खाजनाला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीला द्या. मानशीचे (बांधातल्या पाणदाराचे) दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. बांध फुटून तसाच राहिला की शेतात खारे पाणी आणि काही वर्षांत खारफुटी. ती १,००० चौरस मीटरवर गेली की सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा येऊ शकतो. मग तिथे पुन्हा कोरगुट, म्हणजे खारे पाणी सोसणारे भात, पेरणे जवळपास अशक्य. नवखे लोक ‘हिरवळ वाढली’ लिहून मोकळे होतात. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा हक्कनोंद उतारा) काढा, त्यात खाजन, केर, मोरड अशा जमिनीच्या प्रकारांचे वेगळे रकाने असतात. बांध केव्हा फुटला, दुरुस्ती का रखडली, हे कुळांना विचारा. बांधाची डागडुजी न करता खारफुटी लावून भरपाई देऊ म्हणणारा प्रस्ताव खुशाल परत पाठवा.

जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते. हरकत लेखी द्या: पान क्रमांक, सर्व्हे नंबर, काय चुकले, काय हवे. नुसत्या ‘विरोध आहे’ला कंपनी एका ओळीत उत्तर देते. मंजुरी मिळालीच तर लवादात अपिलाला ३० दिवस. सबळ कारण दिल्यास आणखी ६०.